हाताला ग्रीस न लागलेला माणूस

साईश सगुण गावस या इसमाला अवजड वाहनं दुरुस्त करता येतात असं मानायला कोणताही आधार आढळत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेने ईमेलने कळवलं, तेव्हा सदर इसम इब्रामपूरला बाबली परबांच्या गॅरेजमध्ये एका टिपरखाली उताणा पडून गिअरबॉक्स उतरवत होता. बातमी त्याच्याआधी मुळगावात त्याच्या वडिलांना कळली, कारण अर्जावर ईमेलचा पत्ता वडिलांचा होता. पत्ता वडिलांचा होता, कारण परदेशी साईश जाणार असला तरी अर्ज सगुणबाबांचा होता. डिचोलीच्या सरकारी कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस घरात असताना अर्ज दुसऱ्या कोणी भरावा, हे त्या घरात कोणाच्या मनातही आलं नसतं. छत्तीस वर्षं सगुणबाबांनी लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या होत्या. आता कोणीतरी त्यांच्या अर्जात त्रुटी काढली होती, आणि तो कोण हे त्यांना माहीतही नव्हतं.

"पद्मावती," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "तुझ्या झिलाक काय येना नाय म्हणतत."

"कोण म्हणतत?"

"ऑस्ट्रेलिया."

पद्मावतीने तव्यावरचा बांगडा उलटला. "मगे तेंका सांगा, बाबलीक इचारा म्हणान. नऊ वर्सां तेच्याकडे असा तो."

"बाबलीकच इचारल्यानी," सगुणबाब म्हणाले आणि खुर्चीत बसले.

प्रकरण थोडक्यात असं होतं. पर्थपासून गाडीने नऊ तास लांब, एका खाणीच्या गावात, ग्रेग नावाच्या गृहस्थाचं वर्कशॉप आहे. साईशचा आयटीआयमधला दोस्त निखिल तिथे कामाला आहे. त्याच्या शब्दावर ग्रेगने साईशशी व्हिडिओवर अर्धा तास गप्पा मारल्या आणि त्याला स्पॉन्सर करायचं कबूल केलं. अट एकच. या माणसाला हे काम खरोखर येतं असा दाखला, म्हणजे ज्याला स्किल असेसमेंट म्हणतात तो, तिथल्या संस्थेकडून ऑक्टोबरच्या एकतीस तारखेपर्यंत आणायचा. तोवर जागा राखून ठेवतो, पुढे नाही. आपल्याकडे खाणी कधी चालू, कधी बंद. साईश एकतीस वर्षांचा झाला होता आणि बाबलीच्या गॅरेजात जेवढं शिकण्यासारखं होतं तेवढं तो केव्हाच शिकून बसला होता. ही जागा गेली तर दुसरी येईल असं त्याला वाटत नव्हतं, आणि तो तसं बोलूनही दाखवत नव्हता. तो मुळातच कमी बोलायचा. घरात बोलायचं काम सगुणबाबांकडे होतं.

आता असेसमेंटसाठी मुख्य कागद म्हणजे मालकाचं पत्र. हा मुलगा आमच्याकडे अमुक वर्षं आहे आणि तमुक कामं करतो, एवढंच. बाबलीने साध्या वहीच्या पानावर ते लिहूनही दिलं होतं: क्लच बदलतो, इंजिन खोलतो, ब्रेक करतो, पोकलेनची हायड्रॉलिक करतो. ते पान सगुणबाबांनी वाचलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गेली नऊ वर्षं 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला सगुणबाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "मेकॅनिकल लाइनमध्ये असा." मेकॅनिकल लाइन ही मोठी ऐसपैस जागा आहे. तिच्यात कारखान्याचा डायरेक्टरही मावतो आणि पंक्चर काढणाराही मावतो, आणि ऐकणाऱ्याने कोणाची कल्पना करायची हे त्याच्या चांगुलपणावर सोडता येतं. साईश इंजिनिअर होईल असं त्यांनी तो दहावीत असतानाच चार लोकांना सांगून टाकलं होतं. तो झाला नाही. तेव्हापासून त्यांनी त्याला काही बोल लावला नाही, हेही खरंच. फक्त ते एकदाही इब्रामपूरला गेले नाहीत. लोकांच्या लग्नमांडवांना गेले, डिचोलीच्या बाजाराला गेले, एकदा तर काशीलाही जाऊन आले. इब्रामपूर वाटेवर पडत नाही असं ते म्हणत.

तेव्हा पत्र त्यांनी नव्याने लिहिलं. इंग्रजी त्यांचं कचेरीतलं होतं, म्हणजे वजनदार. 'क्लच बदलतो' याचं त्यांनी 'क्लच बदलण्याच्या कामावर देखरेख करतो' असं केलं. 'इंजिन खोलतो' याचं 'इंजिन खोलण्याबाबत योग्य ते निर्देश देतो'. हुद्दा दिला 'सहायक कार्यशाळा व्यवस्थापक'. बाबलीकडे छापील कागद नव्हता, तर डिचोलीच्या प्रेसमधून तो छापून घेतला. प्रेसवाल्याचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा असल्यामुळे कागदाच्या माथ्यावर गणपती आणि चारी बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी आली. बाबलीने सही केली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण वेलबुट्टी त्याला आवडली.

मग संस्थेकडून खात्रीसाठी बाबलीला फोन गेला. त्यात काय झालं ते या ईमेलनंतर सगुणबाबांनी त्याला जाब विचारला तेव्हा उघड झालं.

"माका काय ठावक सगुणबाब," बाबली फोनवर म्हणाला, "बाईमाणूस होतां. हिंदीत इचारी, लडका कैसा है, कितने साल से है, काम क्या करता है. मी म्हटलंय, सोयरीक इली. कोल्हापूरची नायतर बेळगावची. आपल्याकडे झिलाची चौकशी दुसरो कोण करता?"

"बरां. मगे?"

"मगे तिणां इचारल्यान, हात से काम करता है क्या. सगुणबाब, गेल्या वर्सात दोन सोयरिकी ह्याच प्रश्नार मोडलेत. आता मी 'हो' कसो सांगतलंय? पोर माझ्या झिलासारखो. मी सांगलंय, छे छे, हाताक ग्रीस लावना नाय तो. धा माणसां हाताखाली. खुर्चेर बसान असता."

सगुणबाबांना बाबलीवर खूप ओरडायचं होतं. पण ओरडायचं तर कशासाठी, हेच त्यांना सापडेना. त्यांनी स्वतः पत्रात जे लिहिलं होतं तेच बाबली फोनवर बोलला होता. दोघांनी एकमेकांना न विचारता सांगितलेलं खोटं एकमेकांशी इतकं तंतोतंत जुळलं होतं, की संस्थेने ईमेलमध्ये पुराव्याच्या सुसंगतपणाबद्दल मुद्दाम समाधान व्यक्त केलं होतं. अर्जदार उत्तम व्यवस्थापक दिसतो, पण आम्हाला मेकॅनिक तपासायचा आहे, असा त्या ईमेलचा साधारण सूर होता. फेरविचार हवा असेल तर अर्जदार प्रत्यक्ष काम करताना दिसेल असा व्हिडिओ पाठवावा.

बातमी आवाठात, म्हणजे आमच्या वाडीत, पसरायला दुपार पुरली. पहिले आले बाबाजी. बाबाजींचा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला स्विंडनमध्ये असतो आणि गेल्या बारा वर्षांत कोणालाही कसलीही अडचण आली, मग ती मूळव्याधीची का असेना, बाबाजींचा उपाय पोर्तुगीज पासपोर्ट हाच असतो.

"हे असले परीक्षे कशाक देतास मरे?" बाबाजींनी व्हरांड्यात बसत विचारलं. "तुझ्या बापायचो जन्म पोर्तुगीज रजिस्टरात असा. लिस्बनाक नोंद कर, सुटलंस."

"ज्येंका हंयसून घालवंक आमच्या बापायन मार खाल्लो, तेंच्या दारात मी तेचो जन्मदाखलो घेवन उभो रवूं?" सगुणबाब म्हणाले. त्यावर बाबाजींनी चहा संपवला. त्या पासपोर्टवर इंग्लंडला जायचा रस्ताही ब्रेक्झिटनंतर बंद झाला आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगून उपयोगही नव्हता.

शेजारच्या विनोदिनी बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं मत पडलं की मुळात साईशचं इंग्रजी कच्चं. त्यांनी त्याला रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवायला सुरुवात केली. दिवसभर टिपरखाली लोळून आलेला साईश त्यांच्यासमोर हात बांधून बसायचा आणि 'माझा आवडता सण' या विषयावर दहा वाक्यं म्हणायचा.

पद्मावतीने कोणाचाच सल्ला घेतला नाही. ती सोमवारी देवळात जाऊन कौल लावून आली. आमच्याकडे मोठं काम हाती घेताना देवीच्या अंगावर पाकळ्या लावून विचारायची रीत आहे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"मी इचारलंय, झील जातलो काय नाय," तिने घरी येऊन सांगितलं. "डावी पडली."

सगुणबाबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"मगे इचारलंय, तेच्या बापायन कागदांक हात लावचो बंद केल्यान तर? उजवी पडली. लगेच पडली. भटजी म्हणालो, इतकी बेगीन खंय पडना नाय."

"देवीक सरकारी पत्रव्यवहाराचो अनुभव नाय," सगुणबाब म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. पण त्यामागे ते बराच वेळ काही वाचत नव्हते.

व्हिडिओ गॅरेजमध्येच काढावा असं साईशचं म्हणणं होतं. सगुणबाबांनी ते मोडून काढलं. थंय काळोख, तेलाचो चिखल, परदेशी माणसां काय म्हणतली. व्हिडिओ घरच्या अंगणात निघेल. बाबाजींची जुनी पिकअप सहा महिन्यांपासून माडाखाली उभी होती, ती दुरुस्त करताना साईशला टिपायचं ठरलं. रविवारी सकाळी अंगण झाडून सारवलं. साईशला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला. मोबाइल विनोदिनी बाईंच्या हातात, कारण सोबत इंग्रजीत माहिती सांगायची जबाबदारीही त्यांनी आपणहून घेतली होती.

आता या आवाठात एक जुनी खोड आहे. कोणी माणूस एकटा काम करताना दिसला तर बाकीच्यांना ते बघवत नाही. विहिरीत बादली पडली तरी ती काढायला सातजण जमतात, आणि जो येत नाही त्याच्याबद्दल पुढे वर्षभर बोललं जातं. साईशने बॉनेट उघडायला हात घातला तोवर बाबाजींनी ते उघडलं होतं, गाडी त्यांची होती म्हणून. साईशने पाना मागायच्या आत तिघांनी तीन पाने पुढे केले. एकाने बॅटरी सोडवली. एकाने, वाळपईला त्याच्या मेव्हण्याच्या पिकअपला हेच झालं होतं असं सांगत, थेट कार्बोरेटरच शोधायला घेतला, जो डिझेलच्या गाडीत नसतो. सगुणबाब मोबाइलच्या मागे उभे राहून दर दोन मिनिटांनी "हात पूस रे, हात पूस" असं सांगत होते, आणि साईश निमूटपणे हात पुसत होता. शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्टिअरिंगवर जाऊन बसलेला एक माणूस तर उतरायलाच तयार नव्हता.

चार दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. व्हिडिओमध्ये एकूण अकरा व्यक्ती दुरुस्ती करताना आढळतात. त्यांपैकी अर्जदार कोण ते कळवावं.

सगुणबाबांनी ते दोनदा वाचलं. साईश नुकताच कामावरून आला होता, मोरीवर साबणाने हात घासत उभा होता. त्यांनी त्याला वाचून दाखवलं. तो हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही.

"बाबा," तो पाठमोराच म्हणाला, "तुमका माझां काम दाखवूक लाज वाटता काय?"

"लाज कसली? काय तरीच काय बोलतस?" सगुणबाब म्हणाले, आणि चष्मा शोधायला आत गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. आत जाऊन ते खाटेवर बसले. आपल्याला याच्या कामाची लाज वाटते, हे त्यांनी आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, आणि ज्याच्यापासून ते लपवायचं होतं त्याला मात्र ते नऊ वर्षं माहीत होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

त्या रात्री त्यांनी संस्थेसाठी एका ओळीचं उत्तर लिहून ते पाठवायला साईशच्या हातात दिलं: आपण म्हणाल ते करू. संस्थेने शेवटची संधी दिली. तेवीस ऑक्टोबरला मालकाशी व्हिडिओवर बोलणं होईल, कामाच्या जागेवरून. अर्जदार समोर बसलेला नको. मालकाला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा चालेल. तो अर्जदाराचा नातेवाईक नसावा. बाबलीने या वेळी आपल्याच भाषेत बोलायचं ठरवलं होतं. "हिंदीत माका खोटां आपसूक सुचता," तो म्हणाला, "आपल्या भाषेत जमूचां नाय." दुभाष्या म्हणून विनोदिनी बाई ठरल्या. त्यांनी चार दिवस आधीपासून टिपरच्या भागांची इंग्रजी नावं पाठ केली, मोठ्याने, आणि तेवीस तारखेला सकाळी त्यांच्या घशातून आवाज निघेना.

म्हणून सगुणबाब गेले. नातेवाईक नसावा ही ओळ त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवली होती. बसमध्ये त्यांनी स्वतःची समजूत घातली, की आपल्याला नाव विचारतील तर 'एस. बी. गावस, निवृत्त शासकीय कर्मचारी' असं सांगायचं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. कचेरीत त्यांनी अशी कितीतरी खरी वाक्यं लिहिली होती.

गॅरेज त्यांनी कल्पना केली होती त्याहून लहान होतं आणि बरंच नीटनेटकं होतं. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले होते आणि प्रत्येकामागे खडूने त्याची आकृती काढलेली होती, म्हणजे एखादा जागेवर नसेल तर लगेच कळावं. "साईशान काढल्यान," बाबली म्हणाला. साईश अंगणाच्या पलीकडच्या टोकाला एका टिपरखाली होता, त्याचे फक्त बूट दिसत होते. बाबलीने सगुणबाबांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः ड्रमवर बसला.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. त्यांनी दोघांची नावं लिहून घेतली. सगुणबाबांनी ठरलेलं वाक्य सांगितलं. पहिला प्रश्न आला: अर्जदार स्वतःच्या हातांनी काय काम करतो? सगुणबाबांनी तो मराठीत सांगितला. बाबलीने उत्तर द्यायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगू मां? तुमका राग येतलो."

"सांग," सगुणबाब म्हणाले. "सगळां सांग."

बाबलीने सांगितलं. इंजिन चालू असताना साईश लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला लावतो, मूठ कानाला लावतो, आणि कुठला इंजेक्टर नीट चालत नाही ते डोळे मिटून सांगतो. नऊ वर्षांत दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा त्याने स्वतःहून सांगितलं. चाकाचे नट आवळल्यावर तो प्रत्येकावर हात ठेवून मोठ्याने मोजतो. कधी चहाला मध्येच उठावं लागलं तर परत येऊन पहिल्यापासून मोजतो. दोडामार्गपासूनचे लोक मशीन घेऊन येतात आणि साईश नसेल तर गाडी तशीच उभी करून ठेवतात. सगुणबाब एकेक वाक्य इंग्रजीत करत होते. 'देखरेख' हा शब्द त्यांना कुठेच लागला नाही. बाई लिहून घेत होत्या.

त्यांनी विचारलं, कामात मतभेदाचा एखादा प्रसंग? सुरक्षिततेच्या बाबतीत?

बाबली सांगू लागला. "गेल्या श्रावणात एक टिपर इल्लो. टिपराच्या मालकाक घाई. साईशान बघल्यान, ब्रेकाच्या ड्रमाक तडो गेल्लो. म्हणालो, गाडी सोडूचंय नाय. मालक म्हणालो, मी बघतंय, तू सोड. साईश चावी देयना. तर तेणां साईशाच्या थोबाडात मारल्यान. सगळ्यांम्होरां. तरी चावी देवक नाय तो. दुसऱ्या दिवशी नवो ड्रम घालून मगेच सोडल्यान. त्या गाडयेर रोज वीस बायो कामाक जायत."

सगुणबाबांना ते इंग्रजीत करायला वेळ लागला. 'चावी', 'तडा', 'ड्रम' हे शब्द त्यांना येत होते. गेल्या श्रावणात साईश गाल सुजवून घरी आला होता आणि दाढ दुखते म्हणाला होता. त्यावर आपण त्याला अर्धा तास गोड खाण्याचे दुष्परिणाम ऐकवले, हे त्यांना आठवलं. शेवटी त्यांनी सांगितलं, की गाडीच्या मालकाने त्याला मारलं, पण त्याने गाडी सोडली नाही. पुढचं वाक्य बाबलीने उच्चारलेलं नव्हतं, पण त्यांच्या तोंडून निघून गेलं: घरी त्याने हे सांगितलं नाही.

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, आता शेवटचंच, नोंदीसाठी. तुमचं आणि अर्जदाराचं आडनाव एकच दिसतं. तुम्ही त्याचे कोण?

गावस आडनाव या भागात घरोघरी आहे. 'एकाच गावचे' असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही खरंच होतं. बाबली ड्रमवरून वाकून त्यांच्याकडे बघत होता. इंग्रजी कळत नसलं तरी प्रश्न काय असेल ते त्याला कळलं होतं. एकतीस तारखेला आठ दिवस होते. सगुणबाबांनी आयुष्यभर कागदावर काय लिहावं आणि काय वगळावं याचा विचार केला होता, तो याही वेळी केला. पण नऊ वर्षं लोकांसमोर मुलाला अर्धामुर्धा लपवल्यावर, आज त्याच्याबद्दल हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर, आपण त्याचे कोणी नाही असं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"मी त्याचा बाप आहे," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. त्या चांगल्या शब्दांत म्हणाल्या, की आपण सांगितलंत हे बरं केलंत, पण मग आज झालेलं मला धरता येणार नाही. संस्थेचा दुभाषा घेऊन पुन्हा बोलावं लागेल. लवकरात लवकरची तारीख चार नोव्हेंबर.

सगुणबाब अंगण ओलांडून टिपरपाशी गेले. बूट हलायचे थांबले आणि साईश सरपटत बाहेर आला. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, श्रावणातलं सोडून. "मी घालवलंय तुझां," ते म्हणाले. "एक शब्द खोटो सांगलंय असतो तर झालां असतां. पूर्वी इतके सांगलंय, आजच कशी बुद्धी झाली काय म्हायत नाय."

साईशने कॉटन वेस्टच्या गोळ्याने हात पुसले. "जावंदे बाबा," तो म्हणाला. मग त्याने मोबाइल काढला आणि तिथेच उभ्याने ग्रेगला चार ओळी लिहिल्या. सगुणबाबांना दाखवल्या नाहीत, आणि त्यांनीही मागितल्या नाहीत. त्या पुढे घरी वाचायला मिळाल्या: आजचा दुभाषा माझे वडील निघाले. त्यांनी तसं सांगितलं. त्यामुळे बारा दिवस उशीर होईल. जमलं तर थांबा.

ग्रेगचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बारा दिवस थांबतो. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

चार नोव्हेंबरला बाबली पुन्हा बोलला. संस्थेचा दुभाषा नागपूरकडचा होता, त्याने बाबलीला प्रत्येक वाक्य तीनदा विचारलं, आणि बाबलीने तिन्ही वेळा तेच सांगितलं. बहुधा त्यामुळेच त्यांची खात्री पटली असावी. आठवड्याभरात दाखला आला: अर्जदारास अवजड वाहनांचा मेकॅनिक म्हणून पात्र ठरवण्यात येत आहे. पद्मावतीने देवीपुढे नारळ ठेवला. बाबाजी चहाला येऊन गेले आणि म्हणाले, पोर्तुगीजवर झालं असतं तर याहून लवकर झालं असतं. व्हिसाचे पुढचे सगळे अर्ज साईशने स्वतः भरले. विमान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं ठरलं.

तिकीट आलं त्या संध्याकाळी घरात सगळे खुशीत असताना सगुणबाब जनेलाचे गज धरून बाहेर बघत उभे होते. पद्मावतीने विचारलं, काय झालं.

"नऊ वर्सां तो हंयच होतो गो," ते म्हणाले. "रोज सांजचो माझ्या वांगडा जेवी. तेवां मी बघूक नाय. आता खंय बघूक लागलंय, तर तो चललो."

पद्मावती त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणबाबांनी आंघोळ केली, डिचोलीला जाऊन बस पकडली आणि साडेदहाला ते इब्रामपूरला उतरले. साईश एका पोकलेनच्या इंजिनात खांद्यापर्यंत हात घालून उभा होता. वडिलांना पाहून तो दचकला.

"बाबा? काय काम होतां?"

"काय नाय," सगुणबाब म्हणाले. "तू तुझां काम कर."

ते शेजारी पडलेल्या एका टायरवर बसले, आणि संध्याकाळची बस यायची वेळ झाली तोवर तिथून उठले नाहीत.